फ्रीजरमध्ये ठेवलेली हार्ड डिस्क

मी त्या दुकानात जाणारच नव्हते. मला जायचं होतं पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात, जिथे काउंटरवरचा माणूस आपल्याकडे मान वर करूनही बघत नाही. मला तसलाच माणूस हवा होता. पण ते दुकान बंद निघालं, वरून पाऊस आला, आणि परत फिरताना मी दिसेल त्या छपराखाली घुसले. छप्पर पत्र्याचं होतं आणि नेमकं माझ्या डोक्यावर गळत होतं.

"आत या. भिजेल ती," मागून आवाज आला.

"आणि मी भिजले तर चालेल वाटतं?"

"तुम्ही वाळाल. ती वाळेलच असं नाही."

मी वळून बघितलं. दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हातात बारकासा स्क्रू-ड्रायव्हर, आणि कपाळावर सरकवलेलं भिंग. ते तिथे आहे हे तो विसरून गेला असावा.

"माझ्याकडे काय आहे ते तुम्हाला काय माहीत?"

"लोक दोनच गोष्टी अशा छातीशी धरतात. एक तान्हं बाळ, नाहीतर बॅकअप न घेतलेली हार्ड डिस्क. बाळ असतं तर एव्हाना रडलं असतं."

एरवी मी यावर चांगलं सणसणीत उत्तर दिलं असतं. माझी जीभ काही कमी नाही, घरचे सगळे सांगतील. पण त्या दिवशी 'बॅकअप' हा शब्द ऐकला आणि माझं तोंड उतरलं. मी गुमान आत गेले.

दुकान कसलं, एक लांबट खोली होती. टेबलावर रबराची हिरवी चटई, हवा तसा वाकवता येणारा दिवा, आणि बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवलेले स्क्रू. शेजारच्या शिंप्याने दारातून डोकावून "डॉक्टर, चहा सांगू का?" असं विचारलं, तेव्हा कळलं की याला इथे डॉक्टर म्हणतात.

"डिस्कला कान लावून बसतो ना मी, म्हणून," तो म्हणाला. "चेष्टा आहे ती. तुम्ही मनावर घेऊ नका. बोला, काय होतंय हिला?"

"दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. मधेच दिसते, मधेच जाते."

"केबल बदलून पाहिलीत?"

"पाहिली."

"दुसऱ्या पोर्टला लावून?"

"तेही झालं. दुसऱ्या कॉम्प्युटरलाही लावून पाहिली."

"अरे वा. म्हणजे माझं अर्धं काम तुम्हीच उरकलंत. एक्सपर्ट आहात की."

आणि इथेच घात झाला. कारण मला ते आवडलं. फार आवडलं.

आमच्या घरात एक्सपर्ट मीच. आईचा फोन अडला की मी, समोरच्या काकूंचा टीव्ही रुसला की मी, आणि बाबा तर मला नावाने हाकच मारत नाहीत, "इंजिनिअर" म्हणतात. इंजिनिअरिंगची पायरीही मी चढलेली नाही. पण लोक म्हणत गेले, मी मिरवत गेले.

"पडली होती कधी?" त्याने विचारलं.

"नाही."

"आणि घरगुती उपाय? राग मानू नका, विचारावं लागतं. लोक काय वाट्टेल ते करतात. थापट्या मारतात, उन्हात ठेवतात… एकाने तर फ्रीजरमध्ये ठेवली होती. फ्रीजरमध्ये. कुठल्यातरी व्हिडिओत बघून." तो हसायला लागला.

मीही हसले. त्याच्यापेक्षा मोठ्यांदा हसले. हसता हसता माझे कान तापले, कारण ती हार्ड डिस्क त्या दिवशी सकाळपर्यंत आमच्या फ्रीजरमध्ये होती. मटारांच्या पिशवीशेजारी.

"नाही हो," मी म्हणाले. "असलं काही कोण करेल."

आता सगळं सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिस्क माझी नव्हती. ताईची होती. माझी ताई दिवसभर विम्याच्या कचेरीत बसते आणि घरी आली की चित्रं काढते. लहान मुलांसाठी एक पुस्तक करत होती ती, घरात राहणाऱ्या बारक्या जिवांचं. भिंतीवरची पाल, साखरेच्या डब्यामागच्या मुंग्या, माळ्यावरचे कोळी. पाटीवर काढतात तसं स्क्रीनवर काढायची, त्यामुळे कागदावर एक रेघही नव्हती. दोन-तीन वर्षं तिने रविवार पाहिला नाही. एका प्रकाशकाने पुस्तक घेतलं होतं आणि महिनाअखेर सगळी पानं मागितली होती. लॅपटॉपवर जागा संपली तेव्हा एक्सपर्टबाई पुढे झाल्या. "थांब, मी बॅकअप घेते," मी म्हणाले, आणि सगळी चित्रं डिस्कवर कॉपी करायच्या ऐवजी हलवून टाकली. लॅपटॉप मोकळा झाला, ताई खूश झाली, आणि मी त्याला बॅकअप म्हणत राहिले. मग डिस्क अडखळायला लागली. ताईला कळायच्या आत ती दुरुस्त करून गुपचूप जागेवर ठेवायची, असा माझा बेत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

डॉक्टरने डिस्क हातात घेतली, क्षणभर तळहातावर तोलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघू या, आत्ताच." आणि लावली.

टक्… टक्… टक्.

घरी असा आवाज कधीच आला नव्हता. त्याचं हसू गेलं. त्याने झटकन केबल काढली, वरचं प्लॅस्टिकचं कवच उघडलं आणि दिव्याखाली धरलं. कडेला पाण्याचा बारीक थेंब चमकत होता.

"ओल कशी आली?" तो स्वतःशीच म्हणाला.

"पाऊस," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या त्या गळक्या पत्र्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेले. खरं तर फोनवर काम झालं असतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तर बरा ड्रेस घालून गेले… आता लपवून काय करू.

"पेशंट कसा आहे?" मी विचारायची.

"विश्रांती चालू आहे. नातेवाइकांनी गर्दी करू नये," तो म्हणायचा आणि स्टूल पुढे सरकवायचा.

बाहेर पाऊस भुरभुरत असायचा. शेजारून शिलाई मशीनची घरघर यायची. तो काम करता करता बोलायचा, मी बघत बसायची. त्याच्या बोटांना घाई कशी ती माहीतच नव्हती. एकेक स्क्रू काढून झाकणात ठेवायचा, आणि ठेवताना आवाजही येऊ द्यायचा नाही. डिस्कच्या आत तबकडी कशी गरगर फिरते आणि तिच्यावरून वाचणारा काटा कसा केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगतो, हे त्याने मला एका कागदावर काढून दाखवलं.

"म्हणजे टेकत नाही?"

"टेकला की संपलं. जवळ असावं, पण टेकू नये." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मग घाईने म्हणाला, "डिस्कचं म्हणतोय."

"मी कुठे दुसरं काही म्हटलं?"

तो लाजला. पुरुष लाजलेला मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिला, आणि मला तो फार छान दिसला.

मी त्याला ताईच्या चित्रांबद्दल सांगायची. पालीच्या पायाची बोटं काढायला तिला कसा आठवडा लागला, कोळ्याची पानं तर कशी रंगवून झाली तरी ती पुन्हा पुन्हा पुसायची, ते सगळं. तो मन लावून ऐकायचा. "मला बघायची आहेत ती," म्हणायचा. "काढणारच आहे मी बाहेर. बघाल तुम्ही." आणि मी मान खाली घालायची. त्याला वाटायचं मी काळजीत आहे. काळजी होतीच, पण काळजीपेक्षा लाज जास्त होती. रोज ठरवून जायची की आज सांगायचं. रोज तो काहीतरी गोड बोलायचा आणि सांगायचं राहून जायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. शिंपी नुसता माझ्याकडे बघून हसला तरी वाटायचं, याला मटार माहीत आहेत.

मग एका दुपारी गेले तर डॉक्टर स्टुलावर चढलेला. दाराबाहेरचा जुना पत्रा उतरवून भिंतीला टेकवलेला, आणि तो नवा पत्रा ठोकत होता. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता.

"हे काय चाललंय?"

"आधीच करायला हवं होतं," तो वरूनच म्हणाला. "वर्षभर गळतंय आणि मी आज करू, उद्या करू… माझ्या छपराखाली भिजली ती. तुम्ही तिला इतकं सांभाळून आणलीत आणि माझ्या दारात येऊन—" त्याने पुढचं वाक्य सोडून दिलं आणि खिळा ठोकला.

"अहो, तसं काही नाही."

"तसंच आहे. तुमचा चांगुलपणा आहे म्हणून तुम्ही बोलून दाखवत नाही."

शिंपी आपल्या दारातून म्हणाला, "धड जेवला नाहीये हो हा परवापासून. आमच्या सौंनी डबा पाठवला तर तोही परत."

माझा चांगुलपणा. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मी स्वतःला ढोसत होते, आणि तोंडातून निघालं काय, तर "खाली तरी उतरा, पडाल."

तो उतरला. हात पुसत माझ्यासमोर उभा राहिला. केसांतून पाणी ओघळत होतं आणि डोळे खरंच झोप नसल्यासारखे दिसत होते. "मी ठरवलंय," तो म्हणाला. "वरची सर्किटची पट्टी पूर्ण वाळवली आहे. पाऊस वरून लागला, म्हणजे आत तबकडीपर्यंत काही गेलेलं नसणार. उद्या दुकान उघडलं की एकदा, शेवटची लावून बघतो. एकदा जरी नीट फिरली तरी सगळं उतरवून घेईन. आणि नाहीच झालं, तर तुमच्या ताईंकडे मी स्वतः येईन. चूक माझी आहे, ती मीच सांगायला हवी."

"ताईकडे कशाला?"

"तोंड लपवून कसं चालेल?" तो म्हणाला.

मी घरी आले. ताई टेबलाशी बसली होती. "अगं, ती डबी दे ना," ती म्हणाली. डिस्कला ती डबीच म्हणते. "प्रकाशकांचा फोन आला होता. परवा सगळी पानं पाठवते म्हटलंय."

"कॉपी चालू आहे. उद्या देते."

"बरं झालं बाई तू आहेस," ताई म्हणाली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

जेवताना मी भात नुसता चिवडत बसले. बाबांनी विचारलं, "काय इंजिनिअर, बरं नाही का?" मी उठून हात धुतले. अंथरुणात पडल्यावर डॉक्टरचं एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. पाऊस वरून लागला, म्हणजे आत काही गेलेलं नसणार. पण पाऊस लागलाच नव्हता. थंडगार वस्तू बाहेर काढली की तिला घाम येतो, बाहेरून येतो तसा आतूनही. हे मला कळायला आठवडा लागला होता, कारण कळून घ्यायचंच नव्हतं. माझ्या थापेवर विश्वास ठेवून तो उद्या ती डिस्क लावणार होता, आणि मग काटा ओल्या तबकडीवर टेकणार होता. ताईची पाल, मुंग्या, कोळी, सगळं जाणार होतं, आणि त्याचा दोष तो आयुष्यभर स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरणार होता.

सकाळी चहाही न घेता मी निघाले. फोन करायला हवा होता, पण फोनवर सांगितलं असतं तर त्याचा चेहरा बघावा लागला नसता, आणि तेवढी सूट मला घ्यायची नव्हती. दुकान उघडलेलं होतं. तो दिव्याखाली वाकलेला, एका हातात डिस्क, दुसऱ्या हातात केबल.

"लावू नका."

तो दचकला. "इतक्या सकाळी?"

"लावू नका ती. पाऊस नव्हता तो."

"म्हणजे?"

"मी फ्रीजरमध्ये ठेवली होती. तुमच्याकडे आणायच्या आदल्या रात्री. मटारांच्या पिशवीशेजारी… दोन पिशव्यांत गुंडाळून. व्हिडिओत बघून. तुमच्या छपराचा काही दोष नाही. तुमचा कसलाच दोष नाही."

त्याने केबल खाली ठेवली. डिस्क चटईवर ठेवली. मग कपाळावरचं भिंग काढून तेही ठेवलं. हे सगळं तो इतक्या सावकाश करत होता की मला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाहेर काढल्यावर काय केलंत?"

"पुसली."

"वरून."

"हो."

"मी हसलो म्हणून सांगितलं नाहीत का? फ्रीजरवरून हसलो होतो, तेव्हा."

मला तेवढं हो म्हणायचं होतं. किती सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "तुम्ही हसला नसतात तरी मी खोटंच बोलले असते. तुम्ही मला एक्सपर्ट म्हणालात ना… ते मला फार आवडलं होतं."

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर नवा पत्रा कोरा चकचकीत दिसत होता.

"मला रोज स्वतःची लाज वाटत होती," तो म्हणाला. "एका बाईंची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या आळसापायी गेली, असं वाटून. शिंपीकाकांसमोर बोललो मी तसं. आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही इथे या स्टुलावर बसून चहा पीत होतात."

मी रडले. तेही मला आवडलं नाही, कारण रडणं म्हणजे माफीचा सोपा रस्ता. मी ओठ आवळून डोळे पुसले आणि विचारलं, "आता काही होईल का?"

"माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे आतून उघडून साफ करता येते. खरं काय झालंय ते त्यांना कळलं, तर ते वेगळ्या पद्धतीने हात लावतील." त्याने डिस्क कोरड्या डबीत ठेवली, फोन केला आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. फ्रीजर सांगितला, रात्रभर सांगितलं, मटार तेवढे सांगितले नाहीत. मग दुकानाला कुलूप लावलं. "मी स्वतः नेऊन देतो. तुम्ही घरी जा आणि ताईंना सांगा. माझ्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं."

तो गाडीवर बसून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

घरी मी ताईला सगळं सांगितलं. आईसमोर, बाबांसमोर. हलवलं ते, फ्रीजर ते, खोटं बोलले ते. ताईने मधे एकदाच विचारलं, "सगळीच चित्रं?" मी हो म्हणाले. ती उठली, प्रकाशकांना फोन करून मुदत मागितली, आणि मग मला म्हणाली, "थोडे दिवस माझ्याशी बोलू नकोस. मी काहीतरी वाईट बोलून जाईन." दार लावून घेतलं तिने. त्या दिवसापासून बाबा मला माझ्या नावाने हाक मारायला लागले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टरचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी. मी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होते.

"डिस्क आली," तो म्हणाला. "बरंचसं मिळालंय. सगळं नाही."

"थँक्यू," मी म्हणाले. आणि फोन ठेवणार होते.

"थांबा, ठेवू नका." त्याच्या बाजूने शिलाई मशीनचा आवाज येत होता. "मलाही काहीतरी सांगायचंय. हातात घेतली तेव्हाच ती मला गार लागली होती. पावसाने लागते त्याहून गार. गार किंवा ओली वस्तू तशीच लावायची नसते, आधी ठेवून द्यायची, मग उघडून बघायची, हा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे. आजवर कधी मोडला नाही. त्या दिवशी मोडला."

"का?"

"तुम्ही समोर बसला होतात." तो अडखळला. "वाटलं, पटकन चालू करून दाखवू… तुम्ही 'वा' म्हणाल. भाव खायचा होता, दुसरं काय. आणि मग तुमच्यावर मात्र मी तेवढा चिडलो."

कपडे माझ्या हातातून खाली पडले. ओल्या गच्चीवर ताईचा पांढरा सदरा पडला, आणि मला हसू येत होतं आणि रडूही.

"ताईंना घेऊन या," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर उघडू या."

ताई आली. वाटेत एक शब्द बोलली नाही, पण रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला, लहानपणी धरायची तसा. दुकानात डॉक्टरने तिला खुर्ची दिली आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली. एकेक चित्र उघडत गेलं. भिंतीला चिकटलेली पाल, तिच्या बोटांवरच्या बारीक रेघांसकट. साखरेच्या डब्यामागची रांग. खिडकीच्या फटीतलं गांधीलमाशीचं घर. डॉक्टर पहिल्यांदाच ती चित्रं बघत होता आणि माऊस हलवायचं विसरत होता. ताईच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. मग फोल्डर संपलं.

"कोळी?" ताईने विचारलं.

"कोळी गेले," तो म्हणाला. "ती पानं जिथे होती तिथे चरा पडलाय. आणि तो चरा माझ्यामुळे पडला, ताई. मी ती लगेच लावायला नको होती."

"त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे," मी म्हणाले. "मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी लावलीच नसती."

"पण मला कळायला हवं होतं. गार लागत होती ती."

"गार केली कुणी?"

"पुरे," ताई म्हणाली. तिने आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघितलं. "हिची चूक मला कळली. तुमचीही कळली. पण मी इतकी दुकानं पालथी घातली आहेत, दुरुस्ती करणारा माणूस आपण होऊन चूक कबूल करताना मी पाहिलेला नाही. तुम्ही एवढ्या हौसेने का करताय?"

डॉक्टरचे कान लाल झाले. तो झाकणातले स्क्रू उगाच सरळ करायला लागला.

ताई माझ्याकडे वळली. "हा तुझा कोण आहे गं?"

कुणी नाही. उत्तर जिभेवर तयार होतं. इतके दिवस खोटंच बोलत होते, तोंडाला वळण पडलं होतं. कुणी नाही ताई, दुकानदार आहेत, असं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे विषय संपला असता. पण ज्या स्टुलावर बसून मी इतके दिवस खोटं बोलले त्या स्टुलाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि मला त्या सोप्या वाक्याचा मनापासून कंटाळा आला.

"मला आवडतो हा," मी म्हणाले. "त्याला सांगितलं नव्हतं अजून. आत्ता कळलं त्याला."

शेजारची मशीन थांबली. शिंपीकाका ऐकत होते हे उघड होतं, आणि त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

डॉक्टर उभा राहिला. मग बसला. मग ताईकडे बघूनच बोलला, माझ्याकडे बघायचा धीर त्याला नव्हता. "मलाही… म्हणजे, मलाही ही आवडते, ताई. फार आवडते. चिडलो तेव्हाही आवडतच होती, त्याचाच जास्त त्रास झाला. फक्त माझ्याशी पुन्हा खोटं बोलू नये हिने. तेवढं मला झेपत नाही."

"नाही बोलणार," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला की नाही कोण जाणे. पण त्याने ऐकला असावा, कारण तेव्हा त्याने वर बघितलं, आणि बघतच राहिला.

ताईने एक मोठा श्वास घेतला. "कोळी मी पुन्हा काढीन," ती म्हणाली. "तसेही ते मला मनासारखे जमले नव्हते." मग पर्समधून एक कोरी हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली. "आता ही चित्रं यात घ्यायची आहेत."

"द्या, मी घेतो," डॉक्टरने हात पुढे केला.

"तुम्ही नाही." ताईने डिस्क उचलली आणि माझ्या हातात दिली. "ही घेईल."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने नुसती मान हलवली, बस म्हणून. मी बसले. माऊस धरला आणि 'कॉपी' कुठे लिहिलंय ते दोनदा वाचलं. ताई माझ्या मागे उभी होती, आणि डॉक्टरने आपलं स्टूल ओढून माझ्या शेजारी घेतलं, इतकं जवळ की त्याची बाही माझ्या दंडाला लागत होती.

"सावकाश कर," तो म्हणाला. "आपल्याला घाई नाही."